एकच रेघ

पहिल्या आठवड्यात मला शिकवलं ते खोडायला.
व्हाइटनर नाही, गिरगोटणं नाही,
पान फाडणं तर नाहीच.
चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ.
खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला आद्याक्षरं, तारीख, कारण.
"जे लिहिलं नाही ते झालंच नाही,"
क्वालिटीचे पेंडुरकर म्हणाले
आणि चष्मा पुसायला लागले.

मरोळच्या त्या गल्लीत पत्र्याचे प्रेस दिवसभर आपटतात,
शेजारी कुणी बकलांना निकेल चढवतं,
आणि मधेच आमचा पांढरा दरवाजा.
आत जाताना टिकली काढायची, काजळ पुसायचं,
बहिणीच्या लग्नातली मेंदी उतरेपर्यंत
मी तीन आठवडे काचेबाहेरूनच काम पाहिलं.
हवेत किती कण आहेत ते भिंतीवरचं यंत्र मोजतं.
मला शिंक आली की आधी त्याला कळतं.

आम्ही सलाइनची सुई बनवतो.
निळी बावीस नंबरची, पिवळी चोवीसची,
पिवळी तान्ह्या बाळांच्या शिरेसाठी.
सुईवरच्या नळीचं टोक तापल्या साच्यात
निमुळतं होतं, सव्वा सेकंदात.
मावशीला ऍडमिट केलं तेव्हा
मी तिचा हात धरण्याआधी रिकामं पाकीट उलटून बघितलं.
दुसऱ्याच कंपनीचं होतं.
तरी लॉट नंबर पाठ झाला, अजून आहे.

टोकं तपासतात जॅसिंता मिस्किटा,
गावठाणातल्या, बावीस वर्षं एकाच सूक्ष्मदर्शकावर.
त्या मंगळवारी त्यांनी बाराशेंतली एक्केचाळीस बाजूला काढली.
टोकाला केसाएवढी झालर.
"ए पोरी, बघ. हे आत जाताना ओरबाडणार."
मी बघितलं. मला आधी दिसलंच नाही.
मग दिसलं, आणि मग सगळीकडे दिसायला लागलं.

फॉर्मवर कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.
मॅनेजर दारातून म्हणाले,
"ऑपरेटर लिही, ट्रेनिंग दाखव, बंद कर.
सहाची गाडी निर्जंतुकीकरणाला जायचीय."
मी लिहिलं. ऑपरेटर.
माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं.

पण कॉलेजात "पाच वेळा का विचारा" शिकवलेलं,
आणि मी ट्रेनी, मला अजून शिकवलेलं खरं वाटतं.
झालर का? साचा जास्त तापला.
का? सेन्सर सहा अंश कमी दाखवतो.
का? त्याची तपासणी नऊ तारखेला होती, झाली नाही.
का? कुणीतरी ती सोळावर ढकलली.
पाचव्या का-ला
वेळापत्रकाची फाइल उघडावी लागली.
नऊवर एक रेघ. खालचा नऊ स्वच्छ वाचता येत होता.
बाजूला: शा. तां.
कारण: ऑर्डरची घाई.

शा. तां. म्हणजे मी. शाल्मली तांडेल.

आमच्या दांड्याला बाबा जाळं सांधतात
तेव्हा गाठ लपवत नाहीत.
म्हणतात, कुठं फाटलं होतं
ते पुढच्या खेपेला हाताला कळलं पाहिजे.
मला हे तेव्हा आठवलं असं म्हणणं छान दिसेल.
तेव्हा मला फक्त आठवलं
की सहा महिन्यांनी कन्फर्मेशन आहे,
आणि घशाला कोरड पडली.

गाडी सहाला गेली नाही.
मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी फक्त कामाचं.

फॉर्मवर आता 'ऑपरेटर'च्या पोटातून एक रेघ जाते.
शेजारी माझी आद्याक्षरं, तारीख,
आणि रकान्यात न मावलेलं कारण
समासात वर चढत गेलेलं.

सहीसाठी कागद मिस्किटाबाईंकडे नेला.
त्यांनी डोळे सूक्ष्मदर्शकातून काढले,
ओळ वाचली, रेघेखालची पण वाचली.
ती वाचता येतेच ना.
सही केली.
"पेन दे इकडे, शाई संपलीय तुझी,"
म्हणाल्या, आणि
पुढचा ट्रे भिंगाखाली सरकवला.